ओंगण केव्हां आणि कोणीं घालावें?

मोटारीच्या निगेसंबंधीं आमच्याकडे जीं पत्रें येतात, त्यांत बहुधा टायर, इंधन आणि विमा यांचीच चौकशी असते. गाडीच्या पोटाखालीं, जेथें घरांतील कोणाचीच नजर सहसा जात नाहीं, त्या भागाविषयीं विचारणारें पत्र क्वचित् येतें. तसें एक पत्र भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यांतून आलें आहे. प्रश्न दिसावयास लहान आहे. पण त्याचें उत्तर अनेक घरांच्या उपयोगीं पडणारें असल्यामुळें या महिन्याचें सदर आम्ही त्यालाच देत आहों.

पत्रलेखकांचें कुटुंब एकत्र आहे. तीन भावांचा परिवार, सुना, नातवंडें मिळून घरांत सतरा माणसें आहेत. धानाची शेती आहे व शेतीसाठीं ट्रॅक्टर आहे. कांहीं वर्षांपूर्वीं या मंडळींनीं एक जुनी मिनीबस विकत घेतली, परिवहन कार्यालयाची रीतसर परवानगी काढून तींत निजण्याच्या फळ्या, पाण्याची टांकी व लहानसा ओटा अशी सोय करून घेतली, आणि घरांत तिचें नांव ‘चालता वाडा’ असें पडलें. रामटेक, पंढरपूर, एखादें दूरचें लग्न, असा या वाड्याचा प्रवास वर्षाकाठीं सुमारें ३,००० किलोमीटर होतो. एरव्हीं तो अंगणांतील पत्र्याच्या छपराखालीं उभा असतो. या गाडीच्या प्रोपेलर शाफ्टला व चासीला ग्रीस किती दिवसांनीं द्यावें, असा प्रश्न आहे.

घरांत यावर तीन मतें आहेत. थोरले काकाजी म्हणतात कीं, बैलगाडी होती तेव्हां ओंगण घातल्याशिवाय ती दाराबाहेर निघत नसे. तोच नियम हिलाही लावावा. पुण्यास अभियंता असलेला पुतण्या म्हणतो कीं, हल्लींचे सांधे कारखान्यांतूनच कायमचे बंद होऊन येतात, ग्रीसची कटकट आतां संपली. गाडी चालविणारा गृहस्थ सांगतो कीं, ५,००० किलोमीटरला एकदां दिलें म्हणजे झालें. पत्राच्या शेवटीं दोन ओळी अशा आहेत: वाद मिटला नसल्यामुळें गेलीं दोन वर्षें ग्रीस दिलेंच गेलेलें नाहीं, आणि अलीकडे गाडी मागें घेतांना खालून ‘टक्’ असा आवाज येतो. पुढच्या सुटींत सारी मंडळी या गाडीनें पचमढीस जाणार आहेत.

म्हणून प्रथम त्या आवाजाविषयीं सांगतों. बाकीचा वाद आठ दिवस थांबला तरी चालेल, पण ही गोष्ट थांबून चालणार नाहीं. पुढें जाणारी गाडी मागें घेतांना खालून कोरडा ठोका ऐकूं येणें, ठराविक वेगाला पायांखालची जमीन थरथरल्यासारखी वाटणें, आणि दांड्याच्या सांध्याभोंवतीं तांबूस भुकटी दिसणें, या तीन खुणा सांधा कोरडा पडून झिजूं लागल्याच्या आहेत. ती तांबूस भुकटी म्हणजे आंतल्या पोलादाचा गंज. अशा सांध्याला आतां कितीही ग्रीस भरलें तरी झिजलेलें पोलाद भरून येत नाहीं. ओंगण हें पथ्य आहे, औषध नाहीं. गाडी सपाट जागीं उभी करून, चाकांना ओंडके लावून, किल्ली स्वतःच्या खिशांत ठेवून मिस्त्र्यानें खालीं जावें, दांडा दोन्ही हातांनीं धरून पिळून व वरखालीं हलवून पाहावा. सांध्यांत ढिलाई लागली तर तो क्रॉस बदललाच पाहिजे. सातपुड्याच्या घाटांत सांधा तुटला तर सुटलेला दांडा गरगरत ब्रेकच्या नळ्या तोडूं शकतो. दांड्याचें पुढचें टोक सुटून रस्त्यांत रुतलें तर गाडीच उसळण्याचें भय असतें. यासाठींच पुष्कळ बसगाड्यांत दांड्याभोंवतीं एक लोखंडी कडें बसविलेलें असतें. तेव्हां सांधा तपासल्याखेरीज पचमढीचा मुहूर्त काढूं नये, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

आतां हा दांडा म्हणजे काय, व त्याला ओंगण इतकें कां लागतें, तें पाहूं. इंजिन व गिअरबॉक्स चासीला घट्ट बसविलेले असतात. मागचा आंस मात्र कमानपाट्यांवर असल्यामुळें खांचखळग्यांबरोबर वरखालीं होत राहतो. या दोहोंना जोडणाऱ्या दांड्याला फिरतां फिरतां आपला कोनही बदलावा लागतो आणि लांबीही. लांबीसाठीं त्यांत एकमेकांत सरकणारे दांतेरी भाग असतात. कोनासाठीं दोन्ही टोकांना अधिकाच्या चिन्हासारखा एक पोलादी तुकडा असतो. मिस्त्री त्याला क्रॉस म्हणतात. इटालियन गणिती जेरोलामो कार्दानो (१५०१ ते १५७६) याचें नांव या सांध्याला चिकटलेलें आहे, आणि इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यानें सतराव्या शतकांत त्याचा अभ्यास केला. लांब बसमध्यें दांडा दोन तुकड्यांचा असून मध्यें एक टेकूचें बेअरिंगही असतें.

क्रॉसच्या चार हातांवर चार टोपणें असतात, व प्रत्येक टोपणांत सुयांसारख्या बारीक लाटांची एक रांग असते. चाकाच्या बेअरिंगमधल्या लाटा पूर्ण फेरे घेतात, त्यामुळें ग्रीस सर्वत्र पसरत राहतें. क्रॉसमधल्या या सुया मात्र पूर्ण फिरत नाहींत. दांड्याच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर त्या जागच्या जागीं किंचित् पुढें आणि किंचित् मागें डोलतात. त्याच त्या बोटभर जागेवर सारा भार येतो, तेथलें ग्रीस बाजूस दाबलें जातें, आणि एकदां बाजूस गेलेलें ग्रीस आपण होऊन परत येत नाहीं. गिअरबॉक्सच्या तेलाला पुष्कळ काळ हात लावावा लागत नाहीं, आणि त्याच गाडीचा क्रॉस मात्र पुनः पुनः ग्रीस मागतो, याचें कारण हें आहे.

ग्रीस म्हणजे साबणांत धरून ठेवलेलें तेल. स्पंजमध्यें जसें पाणी राहतें, तसें या साबणाच्या जाळ्यांत तेल राहतें व लागेल तसें पाझरतें. पण तेल पुरविणें हें त्याचें अर्धेंच काम झालें. उरलेलें अर्धें काम सांध्याचें तोंड बुजवून पाणी व धूळ बाहेर ठेवण्याचें आहे. नवें ग्रीस आंत शिरतें तेव्हां जुन्याला बाहेर ढकलतें, आणि जुनें ग्रीस जातांना आंत शिरलेली माती व पाणी आपल्याबरोबर घेऊन जातें. म्हणजे ग्रीस देणें हें सांध्याला तेल लावणें आहेच, शिवाय तें त्याचें स्नानही आहे. ही एक गोष्ट नीट ध्यानांत आली कीं, वरच्या तीन मतांचा निकाल आपोआप लागतो.

काकाजींचें मत त्यांच्या यंत्रापुरतें अगदीं बरोबर होतें. लांकडी तुंबा ज्यावर फिरे त्या आंसाला झांकण असें नसेच. एरंडेल तेलांत भिजविलेली चिंधी घातली तरी तेल गळून जाई आणि धूळ आंत येई. तेथें दर फेरीचें ओंगण हा शहाणपणाचाच नियम होता. मिनीबसच्या सांध्यांना रबरी कडीं असतात. म्हणून तिला दर फेरीचें ओंगण नको. पण काकाजींचा नियम त्याच घरांत अजून एका ठिकाणीं जसाचा तसा लागू आहे, तें पुढें सांगूं.

पुतण्याचें म्हणणेंही खोटें नाहीं. आजच्या बऱ्याच मोटारींच्या सांध्यांत ग्रीस भरण्याला वाटच ठेवलेली नसते. रबर फाटलें आहे कीं काय एवढें पाहावें, आणि सांधा बिघडला कीं बदलावा. परंतु जुन्या मिनीबसला, मालमोटारीला व ट्रॅक्टरला हें लागू करतां येणार नाहीं. अभियंत्यानें पुस्तकावरून निकाल देण्यापूर्वीं विजेरी घेऊन गाडीखालीं जावें आणि निप्पल मोजावे. ऑस्कर झर्क याला ज्या लहानशा तोटीबद्दल १९२९ सालीं अमेरिकेंत पेटंट मिळालें, तिचेच हे वंशज. बाजरीच्या दाण्याएवढी गोळी आंत दाबली जाऊन ग्रीस शिरतें व मागें येत नाहीं. जेथें निप्पल आहे, तेथें कारखान्यानें ग्रीसची अपेक्षा ठेवलेली आहे, हा सरळ अर्थ आहे. निप्पल गळून पडलें असेल अथवा चिखलानें झांकलें असेल, तर ती अपेक्षा नाहींशी होत नाहीं.

राहिला चालकाचा नियम. रोज ३०० किलोमीटर धांवणारी बस ५,००० किलोमीटरचा आंकडा सतरा दिवसांत ओलांडते. अशा गाडीला किलोमीटरचें माप शोभतें. पण वर्षाला ३,००० किलोमीटर जाणाऱ्या चालत्या वाड्याला तोच नियम लावला तर ग्रीसची पाळी वीस महिन्यांनीं येईल. वैशाखांत ग्रीस दिलें तर पुढची पाळी दुसऱ्या वर्षींच्या पौषांत, म्हणजे मध्यंतरीं दोन पावसाळे निघून जातील! उभ्या गाडीचे किलोमीटर वाढत नाहींत, म्हणून तिचें वय वाढत नाहीं असें नव्हे. हवेंतला ओलावा सांध्यांत शिरतो, ग्रीसमधलें तेल हळूहळू निथळून साबण कोरडा राहतो, आणि सुया महिनेमहिने एकाच जागीं टेकून बसल्यामुळें तेवढ्याच जागीं गंज धरतो. फार धांवणाऱ्या गाडीइतकीच फार उभी राहणारी गाडीही ओंगणाची भुकेली असते. घरोघरच्या चालत्या वाड्यांना हें विशेष लागू आहे. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं अशा निवासी गाड्यांच्या पर्यटनाचें धोरण जाहीर केलें, तेव्हां पुढें अशीं घरें वाढण्याचाच संभव आहे.

म्हणून आमचा नियम असा: किलोमीटर, महिने आणि पाणी, या तिहींपैकीं जें आधीं येईल तें प्रमाण मानावें. किलोमीटरचा आंकडा गाडीबरोबर आलेल्या पुस्तकांत पाहावा. तें पुस्तक हाच या बाबतींत पहिला अधिकारी ग्रंथ. त्यांत पुष्कळदां दोन आंकडे दिलेले असतात, एक साधारण वापराचा व दुसरा खडतर वापराचा. पुस्तक हरवलें असल्यास आमच्या चालकाचा ५,००० किलोमीटरचा आंकडा धरून चालण्यास हरकत नाहीं. महिन्यांच्या बाबतींत, गाडी एक फर्लांगही गेली नसली तरी वर्षांतून दोनदां तरी ग्रीस दिलेंच पाहिजे. आणि पाण्याच्या बाबतींत, चाकाचा तुंबा बुडेल इतक्या पाण्यांतून गाडी गेली असेल तर त्याच आठवड्यांत.

पाण्याचा हा शेवटचा भाग भंडाऱ्याच्या वाचकांनीं विशेष मनावर घ्यावा. हा तलावांचा व धानाचा जिल्हा. वर्षाला सुमारें पन्नास इंच पाऊस येथें पडतो, आणि तो बहुतेक सारा चार महिन्यांत. भंडाऱ्याहून लाखनी, साकोलीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग उत्तम आहे. पण महामार्ग सोडून गांवाकडे वळल्यावर आषाढांतल्या बांधालगतच्या रस्त्याची स्थिति काय असते, हें आम्ही त्या मंडळींना सांगावयास नको. तुमसरकडे मँगनीजच्या खाणींच्या वाटांवर उन्हाळ्यांत जी धूळ उडते, तीही सांध्यांना चिखलाइतकीच घातक. येथील गाड्यांनीं पुस्तकांतला साधारण वापराचा रकाना सोडून खडतर वापराचाच रकाना वाचावा.

२०२० सालीं ऑगस्टच्या अखेरीस वैनगंगेला जो महापूर आला, त्याचें पाणी भंडारा शहरांत शिरलें होतें. अशा प्रसंगीं पाणी ओसरलें कीं लोक आधीं गाडीची बैठक वाळवितात व इंजिन चालू होतें कीं नाहीं तें पाहतात. तें चुकीचें नाहीं, पण अपुरें आहे. आंसापर्यंत पाण्यांत उभी राहिलेली गाडी दूर नेण्यापूर्वीं तिच्या प्रत्येक निप्पलांत नवें ग्रीस भरून गढूळ पाणी बाहेर काढलें पाहिजे. गिअरबॉक्स व मागच्या आंसाचें तेल थोडें काढून पाहावें. तें दुधासारखें पांढुरकें दिसलें तर त्यांत पाणी मिसळलें असें समजून सबंध तेल बदलावें. चाकांचीं बेअरिंगें उघडून, धुऊन, पुनः भरावीं.

आतां काकाजींच्या नियमाकडे वळूं. ट्रॅक्टरला किलोमीटर नसतात, तास असतात. कोरड्या जमिनींत त्याच्या पुढच्या आंसाला व सांध्यांना ५० तासांनीं ग्रीस दिलें तरी भागतें. पण रोवणीपूर्वीं चिखलणी चालू असतां, लोखंडी चाकें लावून तो दिवसभर बांध्यांतल्या पाण्यांत घुसळला जातो, तेव्हां ग्रीस रोजच्या रोज दिलें पाहिजे. येथें बैलगाडीचाच नियम! फरक एवढाच कीं, तें सकाळीं देण्याऐवजीं संध्याकाळीं, काम संपतांच द्यावें. सांधा उबदार असतो, चिखल ओला असतो, आणि आंत शिरलेलें पाणी रात्रभर पोलादाशीं संगत करण्यापूर्वींच बाहेर पडतें.

ट्रॅक्टरच्या मागें मळणीयंत्र किंवा रोटाव्हेटर फिरविणारा जो दांडा असतो, त्यालाही असेच क्रॉस असतात. तो साधारणतः मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. धोतराचा सोगा, साडीचा पदर अथवा ओढणी त्यांत सांपडली तर माणसाला ओरडण्याइतकाही अवकाश मिळत नाहीं. या दांड्यावरचें झांकण ग्रीस देणें सोईचें व्हावें म्हणून काढून टाकण्याची चाल कित्येक ठिकाणीं पडली आहे, ती अत्यंत घातक आहे. ग्रीस देतांना इंजिन बंद करावें, किल्ली काढून घ्यावी, आणि झांकण पुनः बसविल्याखेरीज इंजिन चालू करूं नये. या एका वाक्यापुरतें तरी हें सदर घरांतील सर्व लहानथोरांस वाचून दाखवावें.

महिन्यांचा हिशेब ध्यानांत राहत नाहीं, अशी सर्वांचीच तक्रार असते. त्याला आमचा उपाय पंचांगांतलाच आहे. पहिलें ओंगण अक्षय्य तृतीयेला, पावसाच्या तोंडावर. हें चुकवूं नये. दुसरें पोळ्याच्या आदल्या दिवशीं. त्या दिवशीं बैलांचे खांदे तूप-हळदीनें शेकण्याची आपल्याकडे रीत आहे. वर्षभर ओझें वाहिलेल्या जिवाची ती कृतज्ञता. चिखलणी तोंवर संपलेली असते, तेव्हां ट्रॅक्टरचे व चिखलपाण्यांतून गेलेल्या गाड्यांचे सांधे त्याच दिवशीं भरावे. तिसरें खंडेनवमीला, पाऊस सरल्यावर; हेंही चुकवूं नये. त्या दिवशीं आपण गाडीला झेंडूचा हार घालतों, हळदकुंकू वाहतों, नारळ फोडतों. वर फुलें आणि खालीं सांधे कोरडे, अशी पूजा अपुरी समजावी. चौथें संक्रांतीला, मळणी आटोपल्यावर. छपराखालीं उभ्या असणाऱ्या गाडीस अक्षय्य तृतीया व खंडेनवमी या दोन तिथि पुरेशा आहेत. चिखलांतून जाणारीला पोळाही लागेल. वर्षभर फिरणारीला चारही. सणाच्या आधीं गाडी धुण्याचा प्रघात आहे. तेव्हां ग्रीस धुऊन झाल्यावर द्यावें, आधीं देऊं नये. जोराच्या फवाऱ्यानें सांध्यांत पाणी शिरतें, तें या ओंगणानें बाहेर निघतें.

ग्रीस कोणतें घ्यावें, याविषयीं थोडें. डब्यावर जाड-पातळपणाचा क्रमांक असतो. सामान्यतः क्रमांक २ चालतो. लिथियमच्या साबणाचें ग्रीस १९४० नंतरच्या दशकांत प्रचारांत आलें. तें उष्णता व पाणी दोन्ही बऱ्यापैकीं सोसतें, म्हणून चासीच्या बहुतेक कामांना उपयोगीं पडतें. चुन्याच्या साबणाचें जुन्या पद्धतीचें ग्रीस पाण्याला चांगलें दाद देत नाहीं, पण उष्णतेनें लवकर वितळतें; तें चाकाच्या बेअरिंगांत भरूं नये. क्रॉससाठीं जड दाबाचें, म्हणजे डब्यावर ‘ई.पी.’ असें लिहिलेलें घ्यावें. रंगावरून जात ओळखण्याचा प्रयत्न करूं नये. रंग कारखानदार आपल्या मर्जीनें घालतात. निरनिराळ्या साबणांचीं ग्रीसें एकत्र केल्यास कधीं कधीं मिश्रण पातळ होऊन वाहून जातें. म्हणून एक जात ठरवावी आणि तिलाच धरून राहावें.

देण्याची रीत तर त्याहून महत्त्वाची. निप्पल प्रथम चिंधीनें पुसावा, नाहीं तर त्यावरची माती आपणच आंत ढकलतों. क्रॉसमध्यें ग्रीस भरतांना तें चारही टोपणांतून किंचित् बाहेर आलें पाहिजे. तीन टोपणांतून आलें व चौथ्यांतून आलें नाहीं, तर चौथा हात कोरडाच राहिला असें समजावें. दांडा हलवून पुनः दाब द्यावा, आणि तरीही न आल्यास मिस्त्र्यास दाखवावें. पुढच्या चाकांच्या किंगपिनला ग्रीस देतांना चाक जमिनीवरून उचललेलें असावें, म्हणजे भार कमी होऊन ग्रीस आंत पोंचतें. मात्र नुसत्या जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं कधींही जाऊं नये, भक्कम घोडा लावावा. सुकाणूच्या सांध्यांवर रबरी टोपी असेल तर ती किंचित् फुगतांच थांबावें. फाटेपर्यंत भरूं नये. ब्रेकच्या कॅमजवळ तर हात फारच राखून चालवावा, कारण तेथलें जास्त ग्रीस ब्रेकच्या पट्टीवर गेलें तर ब्रेक लागत नाहीं. कमानपाट्यांच्या शॅकलना निप्पल असल्यास ग्रीस द्यावें, पण रबरी बुशांना ग्रीस लावूं नये. त्यानें रबर सडतें. आणि शेवटीं गाडी पांचसात किलोमीटर फिरवून आणावी, म्हणजे नवें ग्रीस सुयांच्या पोटापर्यंत जातें.

हें सारें काम एका माणसाच्या तासाभराचें आहे. मग तें दोन वर्षें कां राहिलें? पत्रावरून दिसतें कीं, त्या घरांत ग्रीसचा डबा होता, ग्रीसगन होती, सांगणारे तिघे होते. करणाराच तेवढा ठरलेला नव्हता. काकाजींना वाटलें कीं चालक करील, चालकाला वाटलें कीं मालक सांगतील, आणि पुतण्याला वाटलें कीं करण्याची गरजच नाहीं. ‘भागीचें घोडें किवणानें मेलें’ ही म्हण आपल्या पूर्वजांनीं उगीच केलेली नाहीं. एकत्र कुटुंबांत स्वयंपाकघराची, देवघराची, गोठ्याची पाळी ठरलेली असते, म्हणून तीं कामें विनाबोभाट चालतात. गाडी घरांत मागाहून आली आणि तिची पाळी लावावयाची राहून गेली, एवढेंच. किती दिवसांनीं, या प्रश्नाच्या पोटांत कोणीं, हा प्रश्न दडलेला आहे, आणि खरें उत्तर त्याचेंच द्यावयाचें आहे.

आमची सूचना अशी कीं, गाडींत दोरीनें बांधलेली एक लहान वही ठेवावी. तींत एका पानावर निप्पलांची यादी असावी: दांड्याचे क्रॉस किती, सरकता सांधा कोठें, किंगपिन, शॅकल, सुकाणूचे सांधे. दुसऱ्या पानावर तारीख, किलोमीटर वा तास, आणि ज्यानें ग्रीस दिलें त्याची सही. सही करणारा एकच असावा, व तो वर्षासाठीं नेमलेला असावा. संशय असल्यास जाणत्या मिस्त्र्यास विचारावें. गडेगांवास अशोक लेलँडच्या कारखान्यांत अनेक वर्षें मोठ्या गाड्यांचे गिअरबॉक्स तयार होत आले आहेत, तेव्हां यंत्र जाणणाऱ्या हातांचा या जिल्ह्यांत तुटवडा नाहीं.

नेमणूक कोणाची करावी, हें घरच्या वडीलधाऱ्यांनीं ठरवावें. पण आमचें मत विचाराल तर ती घरांतल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाकडे किंवा मुलीकडे द्यावी, आणि पहिल्या खेपेस मिस्त्र्यानें शेजारीं बसून शिकवावें. आपल्या सुशिक्षित घरांत यंत्र विकत घेण्याची हौस आली, पण त्याखालीं पालथें पडून हात काळे करण्याविषयींचा संकोच पुरता गेलेला नाहीं. तें काम दुसऱ्याचें, असें आपण मुखानें म्हणत नसलों तरी आचरणानें म्हणत आलों. हाताला लागलेलें ग्रीस राखेनें व साबणानें दोन मिनिटांत निघतें. ज्या मुलीनें क्रॉसच्या चारही टोपणांतून ग्रीस बाहेर येतांना एकदां पाहिलें, तिला पुढें कोणताही मिस्त्री ‘सर्व्हिसिंग केली’ एवढ्या शब्दावर फसवूं शकणार नाहीं. आणि घाटांत आजीला घेऊन जाणाऱ्या गाडीखालीं काय आहे, हें घरांतल्या एका तरी माणसाला निश्चित ठाऊक असेल.

साकोलीच्या मंडळींनीं प्रथम क्रॉस तपासून घ्यावा, लागल्यास बदलावा, सर्व निप्पल भरावे, आणि वहीच्या पहिल्या ओळीवर सही घालूनच पचमढीस निघावें. सही कोणाची पडली, तें त्यांनीं आम्हांस अवश्य कळवावें.